आवक, जावक आणि थंडरबर्ड

कॉम्प्युटरवर मेलचा स्वतंत्र प्रोग्रॅम चालवणं फक्त इंजिनिअर लोकांना जमतं, असा इंजिनिअर लोकांचा समज आहे. लावून देण्यापुरता तो खराही आहे. पण चालवावा तो महसूल खात्यातल्या निवृत्त अव्वल कारकुनानं. ज्यानं उभी नोकरी आवक-जावक बारनिशी सांभाळण्यात घालवली, त्याला थंडरबर्ड काय किंवा आउटलुक काय, उघडल्याबरोबर जागेवर बसल्यासारखं वाटतं. डाव्या हाताला गठ्ठे, वर आलेलं टपाल, खाली मजकूर. शिपाई दिसत नाही आणि साडेतीनचा चहा येत नाही, एवढाच काय तो फरक.

हे ज्ञान मला आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकांमुळे झालं. काका तहसील कचेरीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अजूनही दूधवाल्याच्या हिशोबाच्या वहीवर ते ‘पडताळले’ असं लिहून तारखेसह सही करतात. त्यांच्याकडे गुगलची फुकट पेटी आहे. फुकट जागा १५ जीबी. मुलगी जर्मनीत असते, ती नातवाचे व्हिडिओ पाठवते, काकू ते फोनमध्ये साठवतात, आणि फोटो-व्हिडिओ आणि मेल सगळं त्याच १५ जीबीत कोंबलं जातं. एक दिवस जागा संपली. पैसे भरा, नाहीतर नवीन मेल येणं बंद होईल, अशी सूचना आली. काकांनी ती छापून घेतली आणि मला वर बोलावलं.

“ही नोटीस. हिच्यावर जावक क्रमांक नाही, सक्षम अधिकाऱ्याची सही नाही. हिला उत्तर द्यायचं कुणाला?”

मी म्हटलं, “काका, उत्तर देऊ नका. पत्रंच घरी आणू.”

मग थंडरबर्डची माहिती दिली. मोझिलाचा प्रोग्रॅम, पहिली पक्की आवृत्ती डिसेंबर २००४ मधली, पूर्ण फुकट. फुकट म्हटल्यावर काकांचे डोळे बारीक झाले. “मग त्यांचं मागणं काय?” मी सांगितलं, लोक देणग्या देतात, त्यावर चालतो. “म्हणजे वर्गणी,” काका म्हणाले. “मग हरकत नाही. लावा.”

मेलचा प्रोग्रॅम लावताना सुरुवातीला फार सभ्यपणे वागतो. नाव, पत्ता, पासवर्ड, एवढंच विचारतो. नावाच्या चौकटीत काकांनी ‘श्री.’ पासून सुरुवात करून कंसात ‘सेवानिवृत्त’ घातलं. पासवर्ड टाइप करताना गोल गोल ठिपके आले, तेव्हा हात थांबवून त्यांनी विचारलं, “मी काय लिहिलंय ते मलाच दाखवत नाहीत?” पासवर्ड पतपेढीच्या डायरीत होता, शेवटच्या पानावर, भूमितीच्या प्रमेयासारखा काळजीनं लिहिलेला. कुठलं अक्षर मोठं आणि कुठलं लहान, याच्या बाजूला लाल शाईत टीप.

पेटी नावाजलेल्या कंपनीची असेल तर पुढचं सगळं प्रोग्रॅम स्वतः शोधून काढतो. मोठमोठ्या मेल कंपन्यांची यादी त्याच्याकडे असते. मग एक खिडकी उघडते, गुगल आपल्याला नाव-गाव पुन्हा विचारतं, फोनवर खात्री करून घेतं, आणि शेवटी एक परवानगी मागतं. या परवानगीवर आजवर कोट्यवधी लोकांनी न वाचता होकार दिला असेल. काकांनी चष्मा लावून वाचली. थंडरबर्डला तुमचे सर्व मेल वाचण्याची, लिहिण्याची, पाठवण्याची आणि कायमचे नष्ट करण्याची मुभा द्यायची आहे का, असा तिचा आशय.

“कायमचे नष्ट? अभिलेख नष्ट करायला आम्हाला समिती बसवायला लागायची. यादी करायची, मंजुरी घ्यायची. हा कोण?”

मी म्हटलं, तो फक्त तुमच्या सांगण्यावरून नष्ट करेल. त्यांनी मान हलवली, पण होकाराचं बटण दाबलं ते माझ्याकडून. कागदावर जबाबदारी कुणाची राहील, हे त्यांना बरोबर कळतं.

इथपर्यंत सोपं होतं. काका सोसायटीचे सेक्रेटरीही आहेत आणि सोसायटीला स्वतःच्या नावाची मेलपेटी आहे. कुठल्याशा स्वस्त कंपनीकडून घेतलेली. ती त्या यादीत नसते. अशा वेळी प्रोग्रॅमचा सभ्यपणा संपतो. येणाऱ्या टपालाचा सर्व्हर कोणता, जाणाऱ्याचा कोणता, पोर्ट किती, सुरक्षा कुठली, ओळख कशी पटवायची? नव्या माणसाला इथे घाम फुटतो. काका उलट खुलले. आवक वेगळी, जावक वेगळी, हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. ९९३ वर आवक, ५८७ वर जावक, हे त्यांनी डायरीत लिहून खाली रेघ मारली. फक्त सुरक्षेपाशी अडले. एक प्रकार असा की बोलणं सुरू व्हायच्या आधीच कुलूप. दुसरा, स्टार्टटीएलएस, म्हणजे आधी उघड्यावर दोन शब्द बोलायचे आणि मग दार लावून घ्यायचं. “आमचे साहेब ठेकेदाराशी असंच बोलायचे,” काका म्हणाले आणि दुसरा प्रकार कळला असं जाहीर केलं.

आता पॉप आणि आयमॅप. या दोन प्रकारांनी मराठी माणसाला जेवढं छळलंय तेवढं भल्याभल्या नियमांनी छळलेलं नाही. पॉपमध्ये पत्र सर्व्हरवरून उचलून आपल्या कॉम्प्युटरवर येतं आणि मूळ जागा रिकामी होते. सर्व्हरवर प्रत ठेव असं आपण सांगितलं तरच ती तिथे राहते. आयमॅपमध्ये दप्तर सर्व्हरवरच असतं, आपण फक्त बघतो. फोनवर बघा, कॉम्प्युटरवर बघा, तेच. इंजिनिअर मुलं हे सांगताना वहीवर ढगांची चित्रं काढतात. काकांना एका वाक्यात कळलं. “पॉप म्हणजे मूळ कागद. आयमॅप म्हणजे अवलोकनार्थ. मला मूळ कागद हवा.”

अडचण अशी की काकूंचा फोनही त्याच पेटीला जोडलेला. सगळे मूळ कागद काकांनी खाली ओढले तर काकूंच्या फोनवर काहीच दिसणार नाही. मग तोडगा म्हणून आयमॅप ठेवलं. पहिल्याच आठवड्यात वीजबिलाचा मेल कॉम्प्युटरवरून नाहीसा झाला. काकू म्हणाल्या, “मी पुसला. फोनवर. भरून झालं होतं ना.” काकांना धक्का बसला तो बिल गेल्याचा नाही, फोनवर पुसलेलं इथूनही जातं याचा. त्यांनी सोसायटीची पेटी पॉपवर घेतली, सर्व्हरवर स्थळप्रत ठेवून. घरची आयमॅपवर. आणि काकूंना लेखी कळवलं की यापुढे वीज, पाणी व पेन्शनविषयक मेल पूर्वपरवानगीशिवाय पुसू नयेत. काकूंनी तो मेलही पुसला.

हे प्रोग्रॅम मुळात जन्माला का आले, हे नव्या पिढीला माहीत नसतं, म्हणून थोडं सांगतो. इलिनॉय विद्यापीठात स्टीव्ह डॉर्नर यांनी १९८८ मध्ये युडोरा नावाचा मेलचा प्रोग्रॅम लिहिला. नाव ठेवलं युडोरा वेल्टी या लेखिकेवरून, कारण त्यांच्या एका गाजलेल्या कथेतली बाई घरच्यांशी भांडून पोस्ट ऑफिसात राहायला जाते. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमनं इंटरनेट सर्वांना खुलं केलं. तेव्हा मोडेम फोनच्या तारेवर चालायचा, आणि इंटरनेट चालू असेपर्यंत घरचा फोन बंद. फोनचं बिल मिनिटागणिक वाढायचं. म्हणून पत्रं आधी लाइन बंद ठेवून लिहायची, ती आउटबॉक्समध्ये रांगेत उभी राहायची, मग लाइन जोडायची, झटकन सगळं पाठवायचं, आलेलं उचलायचं, आणि तोडायची. मोडेमचा तो कोकलणारा आवाज ज्यांनी ऐकलाय, त्यांना आउटबॉक्स म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. आता चोवीस तास लाइन चालू असते आणि आउटबॉक्स बहुतेकदा रिकामा. काकांनी मात्र सेटिंग शोधून पत्र लगेच न जाता आउटबॉक्समध्ये थांबेल अशी व्यवस्था केली आहे. सकाळचं जावक ते संध्याकाळी पाच वाजता पुन्हा वाचून सोडतात. इंटरनेटवर भांडण करणाऱ्या सर्वांना ही पद्धत सक्तीची करायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

खरी गंमत गठ्ठ्यांची. सरकारी कचेरीत सहा गठ्ठे पद्धत असते. प्रलंबित वेगळं, प्रतीक्षेत असलेलं वेगळं, नियतकालिकं वेगळी, स्थायी आदेश वेगळे, अभिलेख कक्षात जायचं ते वेगळं, नष्ट करायचं ते वेगळं. १९८० च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कचेऱ्यांची दप्तरं आणि मांडणी सुधारण्याचं जे काम केलं ते ‘लखिना पॅटर्न’ म्हणून गाजलं, आणि काकांच्या पिढीतले लोक अजून ते नाव आदरानं घेतात. पुढे २००६-०७ च्या सुमारास मर्लिन मॅन या अमेरिकन लेखकानं ‘इनबॉक्स झिरो’ नावाची कल्पना मांडली. मेल आला की त्याचं काय करायचं ते लगेच ठरवा, पेटीत साठवू नका. जगभरच्या कंपन्यांत त्यावर व्याख्यानं झाली. काकांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, “हे गृहस्थ नगरला होते का?”

तर काकांनी थंडरबर्डमध्ये डाव्या बाजूला सहा फोल्डर केले. वर क्रमांक घातले. मग मी त्यांना नियम बसवायचं शिकवलं, म्हणजे विषयात अमुक शब्द असेल तर मेल अमुक गठ्ठ्यात आपोआप जाईल. काकांना हे टपाल वाटप फार आवडलं. लॉटरीचे, परदेशी वारसाहक्काचे, बक्षिसाचे मेल येतात, त्यांच्यासाठी त्यांनी नियम केला: ‘अभिनंदन’ हा शब्द असेल तर गठ्ठा क्रमांक सहा, नष्ट करावयाचे. महिन्याभरानं जर्मनीहून मुलीचा फोन आला. बढती मिळाल्याचा मेल पाठवला होता, विषय ‘बाबा, अभिनंदन करा!’, बाबांनी एका शब्दानं उत्तर दिलं नाही. गठ्ठा क्रमांक सहातून तो मेल काढला, तेव्हा त्याच्या शेजारी नायजेरियातले एक वकील होते. काकांनी मुलीला फोनवर सांगितलं की विषय योग्य शब्दांत लिहीत जा.

मराठी मेलची कथा निराळीच. काकांचे एक जुने सहकारी अजूनही मजकूर युनिकोडच्या आधीच्या एका फाँटात टाइप करतात. तो फाँट ज्याच्याकडे आहे त्याला मराठी दिसतं. नाही त्याला इंग्रजी अक्षरांचा चिवडा. आणि युनिकोडमध्ये लिहिलेलं पत्र पूर्वी चुकीच्या एन्कोडिंगनं उघडलं की एकेका मराठी अक्षराच्या जागी तीन-तीन विचित्र चिन्हं उमटायची, प्रत्येक त्रिकुटाच्या सुरुवातीला डोक्यावर तिरकी रेघ घेतलेला इंग्रजी ए. याला कारण आहे. युटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला तीन बाइट लागतात आणि पहिला बाइट सगळ्यांचा एकच असतो. आता थंडरबर्डमध्ये मजकूर दुरुस्त करण्याची सोय मेन्यूतच आहे. एकदा दाबलं की बरेचदा मराठी जागेवर येते. काकांना मात्र न दुरुस्त केलेलंही वाचता येईल अशी मला शंका आहे. “तलाठ्याचे पंचनामे यापेक्षा वाईट अक्षरात यायचे,” ते म्हणाले.

मेल पाठवण्याची जी रीत आहे, एसएमटीपी, तिचा मसुदा जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहिला. त्यात सुधारणा होत गेल्या, पण संभाषण अजून तेच. आपला प्रोग्रॅम सर्व्हरच्या दारात जाऊन नमस्कार करतो, पाठवणाऱ्याचं नाव सांगतो, कुणाला द्यायचं ते सांगतो, मजकूर देतो आणि शेवटी एका ओळीवर नुसतं एक टिंब ठेवतो. टिंब आलं की पत्र संपलं. प्रत्येक वाक्याला सर्व्हर तीन आकडी उत्तर देतो. उत्तर दोननं सुरू झालं तर काम झालं. चारनं झालं तर आत्ता नाही, नंतर या. पाचनं झालं तर होणार नाही.

काकांनी हे दोनदा ऐकून घेतलं. “आमच्याकडे चारच होतं,” ते म्हणाले. “पाच आम्ही कधी कुणाला सांगितलं नाही.”

पुढची गोष्ट सांगितल्यावर तर त्यांना भरून आलं. काही सर्व्हर अनोळखी ठिकाणाहून आलेलं पत्र पहिल्या खेपेला मुद्दाम चारचा आकडा देऊन परत लावतात. कारण खरा सर्व्हर थोड्या वेळानं पुन्हा येतो. नियमाप्रमाणे तो चार-पाच दिवस खेपा घालायला बांधील असतो. कचरा मेल लाखांनी पाठवणाऱ्याला तेवढी सवड नसते, तो पुढच्या दाराकडे जातो. म्हणून जो परत आला तो खरा. काका खुर्चीत ताठ बसले. “हेच! हेच आम्ही करत होतो. ज्याला खरी गरज आहे तो चारदा येतो. तेव्हा लोक पेपरात वाचकांच्या पत्रात आमच्याविरुद्ध लिहायचे. आता इंटरनेट चालवणारे तेच करतायत, तर ती सुरक्षा!”

पाचचा आकडा त्यांना भेटला तो सोसायटीच्या एका भाडेकरूच्या चुकीच्या पत्त्यामुळे. पत्र परत आलं. पाठवणारा: मेलर डीमन. हा कुणी माणूस नाही, सर्व्हरवरचा एक प्रोग्रॅम आहे आणि त्याला लिहिलेलं कुणी वाचत नाही. पण मला विचारायच्या आधीच काकांनी उत्तर लिहिलं होतं. ‘मा. मेलर डीमन साहेब यांस, उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, सदर भाडेकरू इमारतीत राहत असून आपल्या दप्तरी नोंद का नाही याचा खुलासा व्हावा.’ प्रत माहितीस्तव म्हणून खाली चेअरमन आणि खजिनदार. त्या दोघांनी सर्वांना उत्तर देऊन ‘ओके सर’ असं मेलर डीमनलाही कळवलं. उत्तर आलं नाही, म्हणून काकांनी स्मरणपत्र क्रमांक एक पाठवलं. मी त्यांना सगळा प्रकार समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “पद रिक्त असेल. प्रभारी कोण आहे?”

जोडपत्राच्या बाबतीत मात्र थंडरबर्डनं त्यांना जिंकलं. पत्रात ‘सोबत’ लिहायचं आणि कागद जोडायचाच विसरायचा, हा आपला राष्ट्रीय रोग. थंडरबर्ड मजकुरात ठरावीक शब्द शोधतो आणि जोडपत्र नसेल तर पाठवण्याआधी टोकतो. शब्दांची यादी आपल्याला वाढवता येते. काकांनी त्यात ‘सोबत’, ‘सहपत्र’ आणि ‘परिशिष्ट अ’ घातले. फायलीच्या आकाराचं तेवढं लक्षात ठेवावं लागतं. जीमेलची मर्यादा २५ एमबी असली तरी पाठवताना फाइलचं रूपांतर होऊन ती साधारण एक-तृतीयांशानं फुगते, त्यामुळे मर्यादेच्या जवळपास जाणारी फाइल अनेकदा दारातच अडते. सोसायटीचा लेखापरीक्षण अहवाल स्कॅन करून जोडला तेव्हा हे झालं. काकांनी तो दोन भागांत पाठवला, भाग एक पुढे चालू.

राहता राहिली पोचपावती. मेलच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक पत्राबरोबर पोचपावती मागायची सोय असते. पण ती द्यायची की नाही हे घेणाऱ्याच्या हातात. त्याच्यासमोर प्रश्न येतो, पावती पाठवू का, आणि शंभरातले नव्व्याण्णव लोक ‘नाही’ दाबून मोकळे होतात. काकांना ही व्यवस्था मुळीच मान्य नाही. “पोस्टमन सही घेतल्याशिवाय रजिस्टर हातात देतो का? इथे पत्र वाचायचं आधी आणि पावती द्यायची मर्जीनं!” ही त्रुटी कुणाच्या निदर्शनास आणावी, हे त्यांना अजून कळलेलं नाही. तोवर त्यांनी सर्व पत्रांना पोचपावती कायमची चालू करून ठेवली आहे, आणि कुणाची आली, कुणाची नाही, याची वही केली आहे.

सोसायटीच्या वार्षिक सभेची सूचना लवकरच निघेल. आमच्या इमारतीत तुमचा फ्लॅट असेल आणि मेल उघडताना पावती पाठवू का असं विचारलं गेलं, तर कृपा करून ‘हो’ म्हणा. स्मरणपत्र क्रमांक दोनची भाषा मी वाचली आहे. ती कडक आहे.